श्रीमती धूळ यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती धूळ, मुक्काम पोस्ट सर्वत्र.

विषय : धुऊन पुन्हा वापरावयाचा एअर फिल्टर घरच्या घरी साफ करण्याच्या प्रथेतून श्रीमतींच्या इंजिनप्रवेशास मिळणाऱ्या सवलतींबाबत.

श्रीमती धूळ यांच्या सेवेत सविनय निवेदन करण्यात येते की, मोटारीच्या इंजिनात शिरण्याचा त्यांचा जुना मनोदय आता फारसे श्रम न घेता, सुट्टीच्या एका सकाळी खुद्द मोटारमालकाच्याच हातून तडीस जाऊ शकतो. एक लिटर पेट्रोल नीट जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे 14.7 पट, म्हणजे आकारमानाने अंदाजे 9,000 लिटर हवा लागते, आणि ही हवा ज्या रस्त्यावरून ओढली जाते तो रस्ता श्रीमतींचाच असल्यामुळे त्यांना दारापर्यंत येण्याचे निमंत्रण वेगळे धाडावे लागत नाही. अडचण होती ती दारावरच्या पहाऱ्याची.

हा पहारेकरी बहुतेक गाड्यांत राळेने ताठ केलेल्या, घड्या घातलेल्या कागदाचा असतो. तो धुण्यासाठी नव्हे तर बदलण्यासाठी बनविलेला असल्यामुळे त्याला नळाखाली धरणाऱ्या मालकांचे श्रीमतींवर अनंत उपकार आहेत. दुसरी जात सुती जाळीदार कापडाच्या फिल्टरची असून, अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे 1969 साली सुरू झालेल्या के अँड एन या कंपनीमुळे ती प्रसिद्धीस आली. या फिल्टरात कापडाचे अनेक थर तारेच्या दोन जाळ्यांमध्ये घड्या पाडून बसविलेले असतात व त्यांना तेल लावलेले असते. हवा तंतूला वळसा घालून पुढे जाते, परंतु जड कणाला जडत्वामुळे तेवढे चटकन वळता येत नाही, तो तंतूवर आदळतो आणि तेलात अडकतो. याचाच अर्थ असा की, तेल काढून घेतले तर उरलेले कापड म्हणजे श्रीमतींच्या दृष्टीने नुसता दाराचा पडदा होय.

धुण्याची शास्त्रोक्त रीत श्रीमतींच्या गैरसोयीची असल्यामुळे ती येथे केवळ त्यांच्या सावधगिरीसाठी नोंदविली आहे. फिल्टर हलकेच आपटून सुटी धूळ झाडावी, त्यासाठी मिळणारे क्लीनर फवारून ते सुमारे दहा मिनिटे मुरू द्यावे, मात्र वाळू देऊ नये, आणि मग नळाच्या मंद धारेखाली इंजिनाकडच्या स्वच्छ बाजूने बाहेरच्या मळक्या बाजूकडे पाणी सोडावे, कारण उलट दिशेने सोडलेले पाणी मळ कापडात अधिकच खोल रुतविते. घड्यांमधून आधी चहाच्या चोथ्यासारखे गढूळ पाणी निथळते, मग मातकट, आणि ते नितळ झाल्यावर फिल्टर सावलीत आपोआप वाळू द्यावयाचा असतो. संयमाची खरी परीक्षा येथेच होते व श्रीमतींचे दिवस येथूनच फिरतात. आषाढातल्या दमट हवेत वाळण्यास लागणारा वेळ सहन न होऊन कोणी केस वाळवण्याचे यंत्र त्यावर रोखतो, ज्याच्या उष्णतेने सुती कापड आकसते. कोणी गॅरेजात नेऊन ‘जरा हवा मार’ म्हणतो, आणि दाबाची ती हवा जाळीचे तंतू विसकटून श्रीमतींसाठी वाट मोकळी करते. मळ लवकर सुटावा म्हणून पेट्रोल वा रॉकेल वापरणाऱ्यांमुळे तर फिल्टरची रबरी कडही खराब होऊ शकते.

तेल लावण्याच्या प्रकरणी मालकवर्गात दोन पंथ आढळतात. तेल हवेच कशाला, असे मानणारा पहिला पंथ श्रीमतींचा उघड मित्र आहे. दुसरा पंथ थालीपीठावर सोडावे तसे सढळ हाताने तेल सोडतो. हे जादा तेल हवेबरोबर पुढे जाऊन, ज्या गाड्यांत मास एअर फ्लो सेन्सर, म्हणजे तापलेल्या बारीक तारेच्या साहाय्याने आत येणाऱ्या हवेचे वस्तुमान मोजणारे उपकरण असते, तेथे तारेवर बसू शकते, मोजमाप चुकते आणि डॅशबोर्डावर चेक इंजिनचा दिवा लागतो. वस्तुतः प्रत्येक घडीवर बेताने तेल देऊन वीसेक मिनिटे ते पसरू द्यावे व जेथे फिकट ठिपके उरतील तेवढ्याच जागी पुन्हा लावावे, इतके हे काम साधे आहे. फिल्टर परत बसविताना कड नीट न बसणे किंवा एखादी क्लिप उघडी राहणे हीदेखील श्रीमतींसाठी पर्वणीच. आणि फिल्टर गच्चीवर वाळत असताना त्याच्याविना गाडी काढून ‘कोपऱ्यावरून दूध घेऊन येतो’ म्हणणाऱ्या गृहस्थाचा तर त्यांनी जाहीर सत्कारच करावा.

एवढ्या खटाटोपामागे पुष्कळदा मायलेज वाढविण्याची आशा असते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 साली केलेल्या चाचण्यांत मात्र, संगणकाद्वारे इंधन सोडणाऱ्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत फिल्टर तुंबल्याने मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडत नाही, पिकअप तेवढा कमी होतो, असे आढळले. शिवाय तंतूंवर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच पुढच्या कणांना अडवू लागतो, म्हणजे थोडासा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा अधिक चांगला गाळतो, हे सत्य श्रीमतींनी मालकांपासून आजवर लपवून ठेवले, याबद्दल त्यांच्या धूर्तपणाची दाद द्यावीच लागते. म्हणूनच उपरोक्त कंपनीनेही आपल्या फिल्टरसाठी, साधारण महामार्गावरील वापरात, धुण्याचे अंतर 50,000 मैल, म्हणजे सुमारे 80,000 किलोमीटर इतके लांब सांगितले आहे. मुरमाच्या रस्त्यावर किंवा खडी क्रशरच्या शेजारी ते अर्थातच घटते. दर महिन्याला फिल्टर धुणारा उत्साही मालक मात्र पहाऱ्याची अदलाबदल वारंवार करून प्रत्येक वेळी दार उघडे टाकीत असतो.

आत गेल्यावरची कामगिरी श्रीमतींना सांगावयास नको. वाळूतील क्वार्ट्झचे कण सिलिंडरच्या ओतीव लोखंडाहून कठीण असल्यामुळे ते पिस्टन रिंगा व सिलिंडरची भिंत घासून काढतात, आणि काही काळाने इंजिन तेल खाऊ लागते. तोवर मालकास ती सुट्टीची सकाळ आठवतही नाही.

तरी ज्या घरी फिल्टर रात्रभर सावलीत उभा ठेवलेला, तेल मोजून लावलेले आणि एअर बॉक्सचे तोंड तोपर्यंत स्वच्छ फडक्याने झाकलेले दिसेल, त्या घरी श्रीमतींनी वेळ दवडू नये, शेजारच्या पार्किंगमध्ये चौकशी करावी.

कळावे. लोभ आहेच, तो कमी व्हावा, ही विनंती.