पृष्ठ क्रमांक सांगा

जालन्यात सावरकरांविषयी मत नसलेला माणूस शोधायचा तर पाळण्यातच बघावं लागेल, आणि आमचं गावच 'सोने का पालना' असल्यामुळे तिथंही खात्री देता येत नाही. मोंढ्यातल्या आडत्याला मत आहे, स्टीलच्या मिलमध्ये वजनकाट्यावर बसणाऱ्याला आहे, बियाणांच्या दुकानात कपाशीची पाकिटं मोजणाऱ्याला तर दोन आहेत. गिऱ्हाईक बघून तो त्यातलं एक काढतो. चरित्र मात्र आमच्या वाचनालयात एकच आहे. धनंजय कीरांचं, मराठी अनुवाद, दोनदा बांधणी झालेलं, पाठीवरचं नाव पुसलेलं. ते किती जणांनी वाचलं हे सांगणं अवघड आहे. त्यात किती जणांनी लिहिलं ते मात्र मोजता येतं, कारण प्रत्येकाची शाई वेगळी आहे.

त्या लिहिणाऱ्यांत नाना मुख्य.

नाना पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. म्हणजे कार्यालयानं त्यांना निवृत्त केलं. नानांनी कार्यालयाला अजून केलेलं नाही. समोर कागद आला की त्याला डावीकडे समास असतो आणि समास टिप्पणीसाठी असतो, ही त्यांची श्रद्धा. किराणाच्या यादीवर ते 'मागील महिन्यात साखर किती, तुलना जोडावी' असं लिहितात. पुतणीसाठी आलेल्या स्थळाच्या बायोडेटावर त्यांनी 'उत्पन्नाचा स्रोत मोघम' असा शेरा मारला आणि तो कागद तसाच मुलाकडच्यांना परत गेला. काकू म्हणतात, लग्नात अंतरपाटावर काही लिहिलं नाही हेच नशीब.

त्यांच्या खिशात लाल-निळी पेन्सिल असते. एकच कांडी, एक टोक लाल, दुसरं निळं. जुन्या कचेऱ्यांत साहेबांच्या टेबलावर असायची तीच. निळं टोक सहमतीचं, लाल हरकतीचं. एकदा ती हातात घेऊन नीट पाहिली. निळ्या बाजूवरची सोनेरी अक्षरं कारखान्यातून आली तशी शाबूत होती. लाल बाजू दाढीच्या ब्लेडनं तासून तासून बोटाच्या पेराएवढी उरली होती, आणि तिच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या.

कीरांच्या त्या प्रतीत निळा रंग दोनच ठिकाणी आहे. पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का आहे, 'पुस्तकात खुणा करू नयेत'. त्याखाली नानांनी निळ्यात 'सहमत' लिहून सही केली आहे. दुसरा निळा शेरा लेखकाच्या नावाखाली. कीर मुंबई महापालिकेत कारकून होते, ही माहिती नानांनी स्वतःच्या हातानं तिथं नोंदवून ठेवली आहे आणि तिच्याखाली दुहेरी रेघ ओढली आहे. पदवी नसलेल्या एका कारकुनानं १९५० मध्ये सावरकरांचं चरित्र इंग्रजीत लिहावं, पुढं आंबेडकर, टिळक, फुले, गांधी आणि शाहूही लिहून काढावेत, याचं नानांना झालेलं सुख शब्दांत मावत नाही. 'क्लास थ्री!' एवढंच ते म्हणतात आणि बोट वर करतात.

बाकी सगळं लाल. पण गंमत अशी की नानांचं भांडण कीरांशी फारसं नाहीच. ते आधीच्या वाचकांशी आहे. ८ जुलै १९१० ला मार्सेलिसच्या बंदरात सावरकर बोटीच्या खिडकीतून उडी घेतात, त्या पानावर शिसपेन्सिलीनं कुणीतरी 'धन्य! धन्य!' लिहिलं आहे. त्याला हिरव्या शाईचं उत्तर आहे, 'धन्य काय, लगेच पकडले ना!' जांभळी शाई हिरव्याला त्याच्या आईवडिलांबद्दल काहीतरी विचारते. आणि या तिघांच्या खाली, नियमानुसार उरलेल्या जागेत, लाल अक्षरात: 'बोट ते धक्का अंतर किती? मोजमाप जोडावे. उडी त्रिखंडात गाजली असे म्हणतात. तिन्ही खंडांची नावे द्यावीत. हेगच्या लवादाचा निकाल दि. २४/२/१९११, प्रत कोठे?' जांभळ्याला वेगळी सूचना आहे: 'भाषा सुधारावी.'

या प्रतीची खरी वाचनीयता समासात आहे, असं माझं मत झालं आहे. मधला छापील मजकूर कीरांनी एकदा लिहिला आणि तो तसाच राहिला. समास मात्र दर पावसाळ्यात वाढतो. पुस्तक कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. येणारा वाचक त्याच्या पक्षाप्रमाणे ठरलेल्या ठिकाणी उघडतो. एकाला अंदमानातला कोलू हवा असतो, एकाला १९३१ चं रत्नागिरीचं पतितपावन मंदिर, एकाला गांधीहत्येचा खटला. खटल्याच्या पानांवर तर १० फेब्रुवारी १९४९ ची निर्दोष सुटका आणि १९६९ चा कपूर आयोगाचा अहवाल यांच्यात असं घनघोर युद्ध झालं आहे की कीरांचं वाक्य वाचायला पान उन्हाकडे धरावं लागतं. या सगळ्यांत पुस्तक सलग वाचलेले नानाच, तेही हरकती राहून जाऊ नयेत म्हणून.

शेजारीच य. दि. फडक्यांचं 'शोध सावरकरांचा' आहे. दोन्ही पुस्तकांच्या मागच्या तारखांच्या चिठ्ठ्या काढून बघा. कीर नेणारे फडके नेत नाहीत, फडके नेणारे कीर. दोन्ही चिठ्ठ्यांवर लागोपाठ पडलेल्या तारखा फक्त नानांच्या. एका पुस्तकातला मजकूर घेऊन ते दुसऱ्याच्या समासात हरकत घेतात आणि पुढच्या आठवड्यात उलटं.

नानांचा दरबार संध्याकाळी गांधी चमनला भरतो. सावरकरांवरचा वाद गांधी चमनला व्हावा यात गावाला काही वावगं वाटत नाही. चहा तिथं बरा मिळतो. एकदा दोन पोरं नानांपुढं उभी राहिली, एक या बाजूचं, एक त्या. पहिल्यानं विचारलं, "नाना, माफी मागितली का नाही, तेवढं सांगून टाका."

"तू कधी अर्ज लिहिलास का रे?"

"लिहिला की. पीकविम्याचा."

"शेवटी काय लिहिलं?"

"आपला विश्वासू."

"कंपनीवर विश्वास आहे का तुझा?"

पोरगं हसलं. "मग? 'आज्ञाधारक' लिहिल्यानं कुणी आज्ञाधारक होत नसतो. मायन्यावरून माणूस ओळखू नये." पोरगं खूश. त्यानं नानांसाठी चहा सांगितला, मलई मारके.

"चहा येऊ दे," नाना म्हणाले, "पण पुढं ऐक. मायना झाला. मजकुराचं काय? १९१३ च्या अर्जात सुटका झाली तर सरकारची सेवा करीन असं आहे. ते मायन्यात येत नाही, मजकुरात येतं. त्यावर बोल."

आता दुसरं पोरगं खूश. त्यानं बिस्किटं मागवली. नाना त्याच्याकडं वळले. "तू कामून हसू लागला? १९२० ला सावरकर बंधूंना सोडा म्हणून 'यंग इंडिया'त कुणी लिहिलं? गांधींनी. तुझ्या भाषणात ते कसं काय येत नाही?"

त्या दिवशी चहा-बिस्किटाचे पैसे नानांनाच द्यावे लागले.

२८ मे आणि २६ फेब्रुवारीला गावात व्याख्यानं होतात. कौतुकाची एकीकडं, टीकेची दुसरीकडं. नाना दोन्हीकडं पहिल्या रांगेत. वक्ता रंगात येतो, आवाज चढतो, टाळ्या पडायच्या बेतात असतात आणि नाना हात वर करून शांतपणे म्हणतात, "पृष्ठ क्रमांक सांगा." एवढंच. हरकत नाही, आरोप नाही. पण या तीन शब्दांनी भले भले वक्ते पाणी मागतात. कौतुकवाले त्यांना तिकडचा माणूस समजतात, टीकावाले इकडचा. व्हॉट्सॲपच्या एका गटात आलेल्या प्रत्येक संदेशाला ते 'संदर्भ?' असं विचारत राहिले, तेव्हा ॲडमिननं त्यांना काढलं. दुसऱ्या बाजूच्या गटानं मग मोठ्या मानानं घेतलं. तिथून चौथ्या दिवशी काढलं.

१४ एप्रिलची गोष्ट याहून बहारीची. कीरांना 'सावरकरांचा भाट' म्हणून हिरव्या शाईत झोडपणारे एक गृहस्थ नानांनी हस्ताक्षरावरून शोधून काढले होते. जयंतीच्या भाषणात हेच गृहस्थ आंबेडकरांच्या चरित्रातले प्रसंग सांगत होते. सभा संपल्यावर नानांनी गाठलं. "कुणाच्या चरित्रातून घेतलं?" गृहस्थ म्हणाले, "मान्यवर चरित्रातून, प्रमाण मानतात ते." "लेखक?" गृहस्थ अडले. नानांनी पिशवीतून पुस्तक काढून मुखपृष्ठ दाखवलं. कीर. इंग्रजी पहिली आवृत्ती १९५४. गृहस्थांनी बराच वेळ मुखपृष्ठाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा कीर वेगळा असेल."

नानांचा सगळ्यात आवडता ग्रंथ मात्र त्यांना अजून हाती लागलेला नाही. १९२६ साली 'चित्रगुप्त' या नावानं बॅरिस्टर सावरकरांचं एक इंग्रजी चरित्र निघालं, चांगलं स्तुतीनं भरलेलं. पुढं १९८७ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत उलगडा झाला की हा चित्रगुप्त म्हणजे खुद्द सावरकरच. टीकाकार यावर दात विचकतात. भक्त हा विषय निघाला की हवापाण्यावर येतात. नाना गंभीर होतात. "स्वतःचा गोपनीय अहवाल स्वतःच लिहिला," ते म्हणतात, आणि त्या आवाजात निषेध किती आणि हेवा किती हे मला ठरवता आलेलं नाही. बत्तीस वर्षं नोकरीत नानांचा गोपनीय अहवाल साहेबांनीच लिहिला, आणि बहुतेक साल 'काम समाधानकारक. वाद घालण्याची सवय' असाच लिहिला.

आणखी एक खोड सांगायला हवी. कोणतंही चरित्र हाती आलं की नाना आधी मागची सूची उघडतात आणि 'जालना' शोधतात. वर्णक्रमानं जालना जालियनवाला बागेच्या आधी यायला हवा. बहुधा येत नाही. तिथं ते लाल टोकानं बारीकसं काकपद मारतात आणि वर 'जालना' लिहून पृष्ठ क्रमांकाची जागा कोरी सोडतात. हा प्रकार मला आधी नुसता विनोदी वाटायचा. मग एकदा मामा चौकातून जाताना ते थांबले. हा चौक हैदराबाद मुक्तिसंग्रामातले हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांच्या नावानं ओळखला जातो. रिक्षावाले 'मामा चौक, मामा चौक' ओरडत होते. "कोणाचे मामा, विचार त्यांना," नाना म्हणाले. "एका माणसावर जाडजूड दोन खंड येतात, २०१९ ला एक, २०२१ ला एक. त्याबद्दल माझं म्हणणं नाही. येऊ द्या. पण निजामाच्या मुलखात जे मेले त्यांच्यावर भांडायला सुद्धा पान नाही गावात. भांडण तरी कशावर करायचं?" एवढं सलग, शेरा न मारता, ते एरवी बोलत नाहीत. लगेच सावरून रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालायला लागले.

आता मला वाटतं ते सांगतो. नाना सत्याच्या शोधात आहेत असा गावातल्या दोनचार जणांचा समज आहे. तो खरा नाही. सत्य सापडलं तर नाना त्यावरही 'जावक क्रमांक नाही' म्हणून लिहितील. त्यांना हवी असते हरकत. पण ज्या गावात प्रत्येकाकडे निकाल तयार आहे, तिथं नुसती हरकत घेणारा एखादा माणूस असणं मला सोयीचं वाटतं. त्याच्याकडे जाऊन दोन्ही बाजूंचा अपमान एकाच चहात ऐकता येतो.

गेल्या वर्षी वाचनालयाला अनुदानातून नवी पुस्तकं आली, त्यात कीरांची कोरी प्रत. जुनी प्रत जीर्ण म्हणून बाद करायच्या यादीत गेली. ग्रंथपाल बाईंनी नवी प्रत मोठ्या हौसेनं नानांच्या हाती दिली. दोन दिवसांत ते परत घेऊन आले.

"वाचून झालं?" बाईंनी विचारलं.

"काय वाचायचं? काहीच नाही त्यात."

"अहो, तेच पुस्तक आहे. एक अक्षर कमी नाही."

"समास रिकामे आहेत," नाना म्हणाले. जुनी प्रत द्या म्हणाले. बाई म्हणाल्या, ती यादीत गेली, यादी समितीकडे गेली, आता निर्लेखन होऊन रद्दीत जाईल, कार्यवाहांकडे अर्ज करा. हिरवी शाई, जांभळी शाई, तो 'धन्य! धन्य!' वाला, सगळे किलोवर जाणार हे ऐकून नाना खुर्चीवर बसले. मग त्यांनी कोरा कागद मागितला.

अर्ज मी पाहिला आहे. 'मा. कार्यवाह महोदय यांचे सेवेशी' इथपासून सुरुवात. सदर प्रत रद्दीच्या भावानं अर्जदारास मिळावी. ती मिळाल्यास अर्जदार यापुढे वाचनालयाच्या कोणत्याही पुस्तकात पेन्सिल चालवणार नाही, याची हमी. वाचनालय सांगेल ती सेवा करण्याची तयारी. मागील सर्व वर्तनाबद्दल दिलगिरी. शेवटी, 'आपला आज्ञाधारक'. मी नानांकडं पाहिलं. "मायना आहे," ते म्हणाले.

"आणि मजकूर?"

नानांनी उत्तर दिलं नाही. बाईंनी अर्ज घेतला, सावकाश वाचला, टेबलावर पडलेली लाल-निळी पेन्सिल उचलली आणि लाल टोकानं डाव्या समासात लिहिलं: 'पुस्तकाचा दाखल क्रमांक नमूद नाही. फेरसादर.'