मूकपटांचे बोलघेवडे

साधा माणूस विचारतो, "सिनेमा पाहिलास का?" हा माणूस विचारतो, "कुठली प्रत पाहिलीस?" तुम्ही भाबडेपणाने "टीव्हीवर लागला होता, तेव्हा पाहिला" असं म्हणालात, की तो डोळे मिटून घेतो. जवळच्या नात्यातलं काहीतरी वाईट कळल्यावर माणूस मिटतो, तसे. मग हलक्या आवाजात म्हणतो, "म्हणजे नाहीच पाहिला तू."

हा प्राणी पुण्यात मुबलक आहे, मुंबईत दादर ते पार्ला या पट्ट्यात आढळतो आणि ठाण्यात आता नव्याने रुजतो आहे. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी बँकेत किंवा कंपनीत झालेली, पण ती त्याने मध्यंतरासारखी काढलेली. तरुणपणी अलका टॉकीजला इंग्रजी सिनेमे पाहिले, पुढे लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्हचा तो रसग्रहणाचा उन्हाळी वर्ग केला, आणि तिथून तो अजून परतलेला नाही.

त्याच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट असतं. एके काळी त्यात ज्ञानकोश होता आणि लग्नात आलेला टी-सेट. दोघेही आता माळ्यावर आहेत. कपाटात डिस्क आहेत, आणि प्रत्येक डिस्कच्या प्लॅस्टिकच्या डबीवर पुठ्ठ्याचं एक जादा आवरण. या आवरणाला बोट लावायचं नाही. त्याचा कोपरा दुमडला तर आतला सिनेमा नेमका कसा बिघडतो हे आजवर कुणाला कळलेलं नाही, पण बिघडतो. काही डिस्क दोन-दोन आहेत. एक पाहण्यासाठी, दुसरी सीलबंद. पाहण्यासाठी घेतलेलीही बहुधा सीलबंदच असते.

ही सगळी दौलत परदेशातून येते. त्यामागचं राजकारण त्याच्याकडून एकदा तरी ऐकून घ्यावं. डिस्कवाल्या कंपन्यांनी जगाची वाटणी केली आहे. डीव्हीडीच्या वेळी आपण पाचव्या विभागात, रशिया आणि बऱ्याचशा आफ्रिकेबरोबर. ब्लू-रे आली तेव्हा अमेरिका 'ए', युरोप 'बी' आणि आपण 'सी'. अमेरिकेतली कुलूपबंद डिस्क इथल्या प्लेअरमध्ये घातली की पडद्यावर नम्र नकार येतो. 'सी' विभागासाठी म्हणून याला हवं असं फारसं काही निघत नाही. त्यामुळे याचा प्लेअर कुणाकडून तरी 'उघडून' घेतलेला असतो, आणि न्यू जर्सीचा भाचा दिवाळीला येताना बॅगेत मामीसाठी बदाम आणि मामासाठी बॉक्ससेट आणतो. बदामांचं वजन दरवर्षी कमी होत चाललं आहे, असं मामीचं निरीक्षण आहे.

या जमातीत दोन पंथ आहेत. मूकपंथी आणि युद्धपंथी.

मूकपंथीयाची श्रद्धा अशी की 1929 नंतर सिनेमा बिघडला. माणसं बोलायला लागली आणि कला संपली. हे तो सलग दोन तास बोलून सांगतो. त्याचा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय म्हणजे वेग. मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, त्यामुळे सेकंदाला चित्रं किती, याचा पक्का नियम नव्हता. कुठे सोळा, कुठे वीस, कुठे चोवीस. ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (1928) हा त्याचा कुलस्वामी. तो एका इंग्रजी ब्लू-रेवर दोन वेगांत दिला आहे. वीसच्या वेगाने पाहिला तर पंधराएक मिनिटं जास्त चालतो. आमच्या मूकपंथीयाने एका संध्याकाळी दोन्ही लागोपाठ पाहिले. जोनला एका रात्रीत दोनदा जाळलं. दुसऱ्या दिवशी फोनवर निकाल दिला, "वीसमध्ये तिच्या पापण्या बरोबर वाटतात."

खरं तर या चित्रपटाची गोष्ट सांगताना त्याच्याइतकं रंगून कुणी सांगत नाही. मूळ निगेटिव्ह बर्लिनमध्ये आगीत गेलं. ड्रायरने उरलेल्या टेकमधून पुन्हा चित्रपट जुळवला, ते दुसरं निगेटिव्हही जळालं. आणि मग 1981 साली नॉर्वेत ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात, एका कपाटात, मूळ आवृत्तीची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. "वेड्यांच्या इस्पितळात!" तो टाळी मागतो. शेजारी बसलेली त्याची बायको म्हणते, "बरोबर आहे. अशी कपाटं तिथेच असायची."

युद्धपंथी वेगळा. याने आयुष्यात लवंगी फटाका लांबून लावला, तोही उदबत्ती काठीला बांधून. पण रणगाडा त्याला पाठीमागूनही ओळखता येतो. 'बॅटल ऑफ द बल्ज' (1965) लावला की पंधराव्या मिनिटाला तो रिमोट हातात घेऊन चित्र थांबवतो. "हा टायगर म्हणे! अरे, हा अमेरिकन पॅटन आहे, स्पेनच्या लष्कराकडून आणलेला. युद्ध डिसेंबरातल्या बेल्जियमच्या बर्फातलं, आणि शेवटची लढाई येईल ती बघ, धुळीत!" खुद्द आयझेनहॉवर या चित्रपटावर नाराज होते, हेही तो सांगतो, आणि त्या नाराजीत आपणही सही केल्याचा भाव चेहऱ्यावर आणतो. 'बॅटल ऑफ ब्रिटन' (1969) पाहताना त्याला जर्मन विमानं सहन होत नाहीत. ती स्पेनमध्ये बांधलेली, आणि त्यांच्या पोटात रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन. म्हणजे स्पिटफायरमध्ये जे, तेच मेसरश्मिटमध्ये. "एकाच कंपनीची दोन इंजिनं एकमेकांवर गोळ्या झाडतायत," असं तो म्हणतो तेव्हा लंडनवर बाँब पडत असतात आणि त्याचं तिकडे लक्ष नसतं.

दोघांचा समान शत्रू म्हणजे सफाई. जुन्या फिल्मवर बारीक रवाळ कण दिसतात. तोच फिल्मचा पोत. पण नव्या टीव्हीवर गुळगुळीत दिसावं म्हणून काही कंपन्यांनी संगणकावर ते कण घासून काढले. 2008 साली 'पॅटन'ची ब्लू-रे आली तेव्हा जॉर्ज सी. स्कॉटचा चेहरा मेणाचा झाला होता. जगभरातल्या युद्धपंथीयांनी आरडाओरडा केला, आणि 2012 साली नव्याने केलेली डिस्क आली. आमच्या युद्धपंथी मित्राकडे दोन्ही आहेत. नवी पाहण्यासाठी, जुनी शिव्या घालण्यासाठी. पाहुणे आले की जुनीच लावतो.

एरवी हे दोन पंथ एकमेकांना कमी लेखतात. मूकपंथीयाच्या मते दुसऱ्याला गोंगाट आवडतो, आणि दुसऱ्याच्या मते पहिल्याला झोप. पण युद्धपट आणि मूकपट दोन्ही एकाच डिस्कवर सापडले की तह होतो. असे तह बरेच आहेत. किंग व्हिडॉरचा 'द बिग परेड' (1925), बस्टर कीटनचा 'द जनरल' (1926), ज्यात जळत्या पुलावरून एक खरंखुरं इंजिन नदीत पाडलं आणि ते पुढे कित्येक वर्षं ऑरेगनमधल्या त्या नदीतच पडून होतं. आणि 'विंग्ज' (1927), पहिल्या ऑस्कर सोहळ्यातला सर्वोत्तम चित्रपट. 'विंग्ज'साठी मूकपंथीयाच्या घरी जमायचं असतं. शनिवारी, साडेसहाला. बटाटेवडे असतात, पण मध्यंतरात, आणि मध्यंतर कधी हे यजमान ठरवतो.

दिवे मालवण्याआधी वाद. डिस्कवर दोन पार्श्वसंगीतं आहेत, एक वाद्यवृंदाचं आणि एक थिएटर ऑर्गनचं. अर्धा तास त्यात जातो. मग चित्रपट सुरू होतो आणि दोघं बोलायला लागतात. दिग्दर्शक वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धातला वैमानिक. टेक्सासमध्ये चित्रीकरण चालू असताना त्याने ढगांसाठी शूटिंग अडवून धरलं. निरभ्र आकाशात विमानाचा वेगच कळत नाही, मागे ढग हवेत. रोजचा खर्च चालू, स्टुडिओवाले हैराण, आणि हा आकाशाकडे बघत बसलेला. "आता ढग बघ!" युद्धपंथी ओरडतो. "ज्वाळा बघ!" मूकपंथी ओरडतो. मूळ प्रतींमध्ये विमानांच्या ज्वाळा रंगवलेल्या होत्या, 2012 च्या आवृत्तीत तो रंग पुन्हा आणला आहे. पडद्यावर एक मित्र दुसऱ्या मित्राच्या मांडीवर प्राण सोडत असतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर यजमानाच्या पत्नी, आमच्या वहिनी, पदराने डोळे टिपत असतात. त्या खोलीत चित्रपट पाहणाऱ्या त्या एकट्याच. या शनिवारांबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरीकडे आवाजाची तक्रार गेली आहे. मूकपट पाहताना आवाजाची तक्रार येणारं पुण्यातलं हे एकमेव घर असावं.

मूकपंथीयाची एक योजना मात्र अजून रखडलेली आहे. आबेल गान्सच्या 'नेपोलियन'चा (1927) शेवट तीन पडद्यांवर एकत्र दाखवण्यासाठी केलेला. केविन ब्राउनलोने आयुष्य घालून जुळवलेली साडेपाच तासांची ही आवृत्ती 2016 साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने डिस्कवर आणली. घरच्या टीव्हीवर ते तीन पडदे म्हणजे मध्येच एक बारीक पट्टी, वर-खाली काळोख. यावर याने काढलेला उपाय म्हणजे तीन टीव्ही, तीन प्लेअर आणि एकाच क्षणी बटण दाबणारी तीन माणसं. शेजारच्यांचा टीव्ही मिळण्यासारखा आहे, सुनेच्या माहेरचाही. माणसं मिळत नाहीत.

मी या लोकांची पुष्कळ टिंगल करतो आणि करत राहणार आहे. कथा कशी होती असं विचारलं तर यांना सांगता येत नाही, प्रत कशी होती ते सांगतात. पण भाचा म्हणतो, "मामा, आता सगळं ऑनलाइन असतं," तेव्हा मी मामाच्या बाजूचा असतो. सगळं नसतं. आज असलेलं उद्या हक्क संपले म्हणून गायब होतं, आणि कुणाला विचारायची सोय नसते. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान 2016 साली बंद झालं, तेव्हा निदान दरवाजाला कुलूप दिसलं तरी.

आणि एका शनिवारी एक गंमत झाली. वहिनींनी वडे वाढता वाढता विचारलं, "इतके त्यांचे मूक युद्धपट बघता, आपला एखादा नाही का हो?"

दोघेही गप्प. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

आहे ना. म्हणजे होता. बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड', 1923, महाराष्ट्र फिल्म कंपनी, कोल्हापूर. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून घेतलेला. तानाजीची रात्रीची चढाई, आणि त्यासाठी पेंटरांनी कृत्रिम दिव्यांचा वापर केला. इथल्या त्या काळातल्या बाकीच्या कंपन्या उन्हाच्या भरवशावर काम करत होत्या. शेलारमामाच्या भूमिकेत व्ही. शांताराम नावाचा तरुण. ज्वाळांचा रंग, चढाईचा वेग, दोर कोणत्या जातीचा, तलवारी खऱ्या की लाकडी, यावर हे दोघं दहा वर्षं भांडले असते. पण भांडायला प्रत नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यातले अंशरूपाने धरूनही मोजकेच उरले आहेत. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळं हाती आहेत ती 1913 ची की 1917 ची, यावरही जाणकारांत वाद आहे. जुनी नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्याखालीही जळते. जे जळलं नाही ते दमट हवेत चिकट होऊन गेलं, आणि काही रिळं तर त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली. 2003 साली पुण्यातच, लॉ कॉलेज रोडवर, नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागली.

फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस'ची (1927) कापून टाकलेली पंचवीसेक मिनिटं 2008 साली ब्वेनोस आयरेसमध्ये सापडली. ती टिकली, कारण 1928 च्या सुमारास तिथल्या एका सिनेसमीक्षकाने पूर्ण प्रत स्वतःच्या संग्रहासाठी ठेवून घेतली होती. त्याच्या घरच्यांनीही त्याच्या कपाटाबद्दल काहीतरी म्हटलंच असणार. कोल्हापुरात 1923 साली असा एक कपाटवाला असता, आणि बायकोची बोलणी खाऊन त्याने 'सिंहगड'चे डबे दडवून ठेवले असते, तर आज मी त्याच्यावरही विनोदी लेख लिहिला असता, आणि त्याने तो न वाचता कागद कुठल्या जातीचा आहे ते पाहिलं असतं. फिल्म अर्काइव्हचे संस्थापक पी. के. नायर नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडे जाऊन रिळं गोळा करून आले, म्हणून निदान 'कालिया मर्दन'मधली (1919) फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आज आपल्याला कृष्ण होऊन नाचताना दिसते.

म्हणून एक विनंती. जुन्या वाड्याच्या माळ्यावर, टुरिंग टॉकीज चालवलेल्या आजोबांच्या ट्रंकेत, गंजलेला चपटा गोल पत्र्याचा डबा दिसला तर तो भंगारवाल्याला देऊ नका, उन्हात ठेवू नका आणि उदबत्ती लावलेल्या खोलीत तर अजिबात उघडू नका. पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला कळवा. आमच्या त्या दोघांना कळवू नका. ते आधी वेगावरून भांडतील.