कधी ते सांगा, का विचारू नका

सोमवार. आठवड्याची सुरुवात थोरामोठ्यांच्या मुलाखतीने. रेडिओवरच्या मुलाखतकाराने प्रश्न विचारायचा नसतो, पाहुण्याचं चरित्र त्यालाच वाचून दाखवायचं असतं. "आपण गरिबीतून वर आलात, कंदिलाखाली अभ्यास केलात, आज एवढी मोठी संस्था उभी केलीत, तर कसं वाटतं?" पाहुणे म्हणतात, "छान वाटतं." मग एक गाणं. शेवटी, "तरुणांना काय संदेश द्याल?" संदेश पाहुण्यांनी घरूनच लिहून आणलेला असतो. निपाणीचा तरुण त्या वेळी हायवेवर बॅग घेऊन उभा असतो. पुण्याची बस आधी येते की बेंगळूरची, एवढंच त्याला पाहायचं असतं.

मंगळवार. पुस्तक परीक्षण. मुखपृष्ठ बोलकं, छपाई सुबक, पुस्तक संग्रही ठेवावं असं. वाचावं की नाही, ते मात्र राहून जातं. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे बेळगावच्या आसपास कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशी गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. वक्ता रेंगाळला की मंडपात मागच्या बाजूला कुजबुज सुरू होते, आणि चतुर वक्ता आवरतं घेतो. स्टुडिओत मागची बाजूच नसते.

बुधवार. जुन्या श्रोत्यांचा आठवणींचा वार. मिडियम वेव्हच्या पट्ट्यावर धारवाड 765 ला, सांगली 1251 ला आणि पणजी 1287 ला. सांगली-पणजीत अंतर केसभर. काटा जरा हलला की उसावरच्या तांबेऱ्याचा प्रश्न सांगलीत विचारला जायचा आणि उत्तर कोकणीतून मासळीचं यायचं. तरी ऐकणाऱ्याचं काही अडायचं नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही सरकारांना सीमा नीट आखता आली नाही, त्या काळात रेडिओच्या लहरी सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावरून बिनपावती ये-जा करत होत्या.

गुरुवार. संगीत. विषय, पेटी. बेळगावात पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी आयुष्यभर पेटी वाजवली, शिकवली, शिष्य तयार केले. आणि आकाशवाणीत 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद. कारण काय, तर पेटीतून मींड निघत नाही. गावातल्या मैफलीत पेटीशिवाय पान हलत नव्हतं, ती गोष्ट साहेबांच्या कानापर्यंत गेली नसावी. पुढे बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेमाच्या गाण्यांवर संक्रांत आली. मराठी मंत्र्याने गाणी आवरली, लोकांनी काटा रेडिओ सिलोनवर नेला. जाहिरातीचा पैसाही पाठोपाठ गेला. सरकारला शहाणपण यायला आणि विविध भारती सुरू व्हायला 1957 उजाडावं लागलं.

शुक्रवार. आता पेटी चालते, सिनेमाची गाणी तर चालतातच. चालत नाही ती बातमी. खासगी एफएमला आणि कम्युनिटी रेडिओला स्वतःची बातमी देता येत नाही. द्यायचीच तर आकाशवाणीची उचलायची. मात्र सरकार अगदीच निष्ठुर नाही. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, पाणी आणि वीज यांची माहिती म्हणजे बातमी नव्हे, असं 2011 च्या धोरणात म्हटलं आहे. म्हणजे राकसकोप धरणाचं पाणी बेळगावच्या नळाला कधी येणार हे सांगायला हरकत नाही. का आलं नाही हे विचारलं की झाली बातमी. हायवे बंद आहे, ही वाहतूक. कुणी बंद पाडला, ही बातमी. 1 नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी. निवेदकाने अमुक रस्ता टाळा एवढं सांगून गाणं लावायचं. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला सीमावादाचा दावा तर ना हवामानात बसतो ना वाहतुकीत. निकालांत बसला असता, पण निकाल लागायला हवा ना!

शनिवार. श्रोत्यांचे फोन. "हॅलो, आधी रेडिओचा आवाज बारीक करा." करतात. "बोला काका, कुठलं गाणं लावू?" "गाणं ऱ्हाऊ दे की ओ. दोन गोष्टी इचारायच्या होत्या बगा." पहिली विचारून होते. दुसरीच्या तोंडावर नेमकी वेळ संपते. दुसऱ्या गोष्टीत हमखास 'का' असतो, हे निवेदकाला अनुभवाने ठाऊक असतं. काका फोन ठेवून चहाच्या गाड्यावर जातात आणि दुसरी गोष्ट तिथे तासभर चालते. कट्ट्याला अजून कुणी लायसन्स लावलेलं नाही.

रविवार. महिन्यातला शेवटचा असेल तर अकरा वाजता पंतप्रधानांची 'मन की बात'. ऑक्टोबर 2014 पासून चालू असलेला हा गप्पांचा कार्यक्रम मुलाखतकाराचा खर्च वाचवून होतो. सीमाभागाची यात विशेष चंगळ आहे. आधी हिंदीत ऐकावं, मग सांगलीकडे वळलं तर मराठीत, धारवाडकडे वळलं तर कानडीत. भाषेवरून साठ-सत्तर वर्षं भांडणाऱ्या मुलखाला तिन्ही भाषांत एकसारखी वागणूक मिळण्याचं हे दुर्मिळ ठिकाण: उलटा प्रश्न एकीतही विचारता येत नाही.