काकाजींचं कॅलिबर

गावोगावी एखादा माणूस असा असतोच, ज्याचं ज्ञान पक्कं असतं आणि त्या ज्ञानाचं गिऱ्हाईक केव्हाच संपलेलं असतं. प्रतापगडात ही जागा काकाजींची. त्यांचा विषय एकच. चितळासारख्या जनावरावर लांबून बार टाकायचा, तर सपाट गोळी फेकणारी रायफल कोणत्या कॅलिबरची घ्यावी? हा प्रश्न देशाने १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा करून निकालात काढला. काकाजींच्या लेखी तो अजून चर्चेला खुला आहे.

प्रतापगड म्हटलं की बाकी महाराष्ट्राला अफझलखान आठवतो. आमचा प्रतापगड गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला. डोंगरावर महादेव आणि त्याच डोंगरावर दर्गा, पलीकडे इटियाडोहचं पाणी, तिकडे नवेगावबांध आणि मधे सगळी धानाची बांधी नि जंगल. त्या जंगलात साठ पावलांपलीकडचं झाड दिसलं तरी नशीब. अशा मुलखात बसून काकाजी तीनशे यार्डांच्या खाली बोलत नाहीत.

पानटपरीच्या बाकड्यावर त्यांची जागा ठरलेली. अंगात बाराही महिने खाकी जाकीट, त्याला छातीवर काडतुसं खोचायचे कप्पे. एका कप्प्यात तंबाखूची डबी, दुसऱ्यात चुन्याची, तिसऱ्यात बीपीच्या गोळ्यांची पट्टी, चौथ्यात मुदत टळलेलं लाइटबिल. उरलेल्या कप्प्यांत काय आहे ते काकूंनाच माहीत, कारण जाकीट धुवायला त्यांनाच मिळतं, तेही वर्षातून एकदा, पोळ्याला.

शिकवणी कुणालाही मिळते, फी नाही. टपरीवर नवा माणूस आला की काकाजी उजव्या हातात एक सुपारी धरतात, डाव्या हातात दुसरी.

"हे पाय बाबू. ही सुपारी मी आडवी फेकून राहिलो अन् ही हातातून सोडून राहिलो. जमिनीवर आधी कोणती येईन?"

माणूस म्हणतो, "सोडलेली."

"चूक! दोन्ही बरोबर. जमीन दोघीले सारखीच ओढते."

हे मात्र शंभर टक्के खरं. गोळी नळीबाहेर पडली की त्याच क्षणी पडायला लागते. जगातली एकही गोळी सपाट जात नाही. जी जास्त वेगाने जाते, ती तेवढ्याच पडण्यात जास्त अंतर कापते. सपाटपणा म्हणतात तो एवढाच. इथवर काकाजी गुरुजींपेक्षा चांगलं शिकवतात. टपरीवाल्याच्या दोन सुपाऱ्या मातीत जातात, त्या उधारीच्या वहीत लिहिल्या जातात, आणि मग खरा अध्याय सुरू होतो.

चितळाच्या छातीत गोळी लागायला हवी ती जागा साधारण आठ इंचांची, जेवणाच्या ताटलीपेक्षा थोडी लहान. तेव्हा नेमाच्या रेषेपेक्षा गोळी चार इंच वर किंवा चार इंच खाली गेली तरी चालते. नेम न बदलता असं किती अंतरापर्यंत जमतं, यावर रायफलीची जात ठरते. काकाजींचं दैवत आहे .२७० विंचेस्टर, जन्म १९२५. तिची १३० ग्रेनची, म्हणजे साडेआठ ग्रॅमच्या आतली गोळी सेकंदाला तीन हजार फुटांहून जास्त वेगाने सुटते. दोनशे यार्डांवर नेम जुळवून ठेवला, तर तीनशेवर ती जेमतेम सहा-सात इंच खाली उतरते. हा आकडा सांगताना काकाजींचा आवाज कीर्तनकारासारखा खाली येतो. ".३०-०६ वाईट नाही," ते म्हणतात. ती १९०६ ची, फौजेतून आलेली, जड गोळीची, भरवशाची. "पण दोन-तीन इंच जास्त पडते." हे दोन-तीन इंच त्यांच्या जिवाला लागतात.

ही विद्या आली कुठून, याचा इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं मध्य भारतात शिकार कंपन्यांचा धंदा जोरात होता. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनीही नागपुरात 'ॲलविन कूपर' नावाची अशी कंपनी चालवली. अमेरिकेतून पाहुणे यायचे, वनखात्याकडून ब्लॉक घ्यायचे, तंबू पडायचे. काकाजींचे वडील अशाच कुठल्या तरी कॅम्पावर कारकुनी करायचे. पाहुणे जाताना रिकामे डबे नि जुनी मासिकं टाकून जायचे. डब्यांत आजींनी मोहफुलं भरली, मासिकं काकाजींच्या वाट्याला आली. त्यांत जॅक ओकॉनर नावाचा लेखक .२७० चा ध्वज घेऊन उभा होता. त्याच्या विरुद्ध एल्मर कीथ. हा म्हणायचा, जनावर पाडायला वेग नको, वजनदार जाड गोळी पाहिजे. त्या दोघांची जुंपली ती आयुष्यभर पुरली. दोघंही गेले. प्रतापगडात ओकॉनरची बाजू अजून काकाजी लढवतात, आणि कीथची बाजू घ्यायला कुणी नसलं तर तीही तेच मांडून खोडून काढतात.

आता या माणसाच्या घरात रायफल कोणती? .३१५. आजोबांची, पीकराखणीच्या परवान्यावरची, इच्छापूरच्या कारखान्यात घडलेली. फौजेचं काडतूस रयतेच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी .३०३ सामान्यांना बंद ठेवली. मग ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसावर ही .३१५ बेतली. गोळी जाडजूड, वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास. दोनशेवर नेम जुळवला तर तीनशेला दीड-दोन फूट खाली येते. म्हणजे सपाट गोळीच्या या वारकऱ्याच्या देव्हाऱ्यात नेमकी वाकड्या वाटेची मूर्ती. काकाजी तिला नाव ठेवत नाहीत. "म्हातारी आहे," म्हणतात.

दसऱ्याला ती पेटीतून निघते. दस्त्याला खोबरेल, नळीला हळदकुंकू, घोड्याला झेंडूचं फूल. शेजारी पाच काडतुसं ओळीने मांडतात. बुडावर 'के. एफ.' असा शिक्का, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना. ही पाच काडतुसं आम्ही लहानपणापासून पाहत आलो. एकदाही चार झाली नाहीत.

निवडणूक लागली की रायफल ठाण्यात जमा करायची असते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा. आपल्या देशात निवडणुकांना तोटा नाही. काकाजी चादरीत गुंडाळून ती एसटीने नेतात, पावती घेतात, आणि निकाल लागला की कोण निवडून आलं ते न विचारता तिला परत आणायला जातात. एकदा ठाण्यातल्या तरुण शिपायाने सहज विचारलं, "काकाजी, हिचा पल्ला किती जी?" त्या दिवशी काकाजींची शेवटची गाडी चुकली. शिपायाने पुन्हा कुणालाही पल्ला विचारला नाही.

नवी पिढी वेगळ्या वाटेने येते. मोबाइलवर पबजी खेळणारी दोन पोरं टपरीवर आली. एक म्हणाला, "काकाजी, एडब्ल्यूएम घ्या. एका गोळीत खेळ खलास."

काकाजींनी चष्मा पुसला. "काडतूस कोणतं?"

"थ्री हंड्रेड मॅग्नम."

"विंचेस्टर का हॉलंड?"

पोराने मोबाइल उलटसुलट करून पाहिला. मग काकाजींनी तासभर सांगितलं. हॉलंड अँड हॉलंडची .३०० ही १९२५ ची, लांब मानेची. विंचेस्टरची १९६३ ची, आखूड. धक्का दोघींचाही असा, की खांदा आठवडाभर राम राम घेत नाही. पोरांची बॅटरी उतरली. जाताना धाकटा म्हणाला, "काकाजी, सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर पण असते, यूट्यूबवर पाहिली." काकाजी दोन दिवस टपरीवर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि जाहीर केलं, "२००७ ची आहे. वाऱ्याले चांगली. पण अजून पोरगीच आहे, संसार कसा करते पाहू."

काकाजींचा नेम पाहायचा योग गावाला महाशिवरात्रीच्या जत्रेत आला. डोंगराच्या पायथ्याशी फुगेवाला बसला होता. फळीवर रंगीत फुगे, पुढे छऱ्याची बंदूक. लोकांनी काकाजींना ओढत नेलं. अंतर असेल दहा-बारा फूट. काकाजींनी आधी बोट ओलं करून वारा पाहिला. मग माशीत डोकावून नळी उजवीकडे वाकलेली असल्याचं निदान केलं, ते बरोबरही होतं. मग दस्ता गालाला लावला, श्वास अर्धा सोडला, घोडा हळुवार दाबला. छरा फळीच्या लाकडात. दुसरा फुग्यांच्या दोरीत. तिसरा कुठे गेला ते फुगेवाल्यालाही कळलं नाही, त्याने फक्त स्टूल थोडं मागे सरकवलं. एवढ्यात काकाजींची नात, सातवीतली, बंदूक घेऊन पुढे झाली. वारा नाही, श्वास नाही. धडाधड चार फुगे.

सगळे काकाजींकडे पाहायला लागले. काकाजी शांतपणे म्हणाले, "अंतर कमी पडलं."

याच्यावर उत्तर एकाच माणसाकडे होतं. जत्रेत बाजूला विडी ओढत बसलेला एक गोंड म्हातारा. तारुण्यात तो साहेब लोकांच्या शिकारीत हाकाऱ्या होता. तो म्हणाला, "आमी चितळ मचानाखाली आणून देवो जी. पन्नास हातावर. मोठ्या-मोठ्या बंदुका असत. तरी साहेब चुकवत. मंग आमालेच शिव्या."

त्याच्या या चार वाक्यांत काकाजींच्या सगळ्या मासिकांचं उत्तर आहे. लांबची गोळी ही मुळात उघड्या डोंगराची, माळाची गरज. आपल्या झाडीत ज्याला पाऊल न वाजवता चालता येतं, वारा कुठला ते नाकाला कळतं, वानराचा खेकर ऐकून जनावर ओळखता येतं, त्याला सपाट गोळी लागत नाही. जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली बक्षीस मिळाली ती रिग्बीची .२७५. नाव इंग्रजी, काडतूस १८९२ सालचं मॉसरचं, सात मिलिमीटरचं, साधं. त्याच काडतुसावर बेल नावाच्या स्कॉटिश माणसाने आफ्रिकेत शेकड्याने हत्ती पाडले. दोघांनाही जवळ जाता येत होतं. आमच्याकडे नवेगावच्या माधवराव पाटलांना रानाची केवढी जाण होती, हे मारुती चितमपल्लींनी लिहून ठेवलं आहे. त्या माणसाचं कॅलिबर विचारावंसं कुणाला वाटत नाही.

काकाजींचं म्हणाल तर त्यांना दमा आहे. ते शंभर पावलं चालले की अर्ध्या जंगलाला कळतं. अंधाराची भीती आहे, अस्वलाची तर फारच. मुलाने एकदा नवेगावला जिप्सीत बसवून नेलं. वळणावर चितळांचा कळप उभा, नर मधोमध, शिंगांची कमान पूर्ण भरलेली. गाइड कुजबुजला, "काकाजी, चितळ!" काकाजींनी विचारलं, "अंतर?" "वीस पावलं." काकाजी मागे टेकून बसले. वीस पावलांवरच्या जनावरात त्यांना काही अभ्यासण्यासारखं नव्हतं. नर मात्र बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला.

म्हणूनच वनखात्याचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. रात्री रानात बार ऐकू आला, तर बीटगार्ड सकाळी गावात चार घरं पालथी घालतो, काकाजींच्या दारावरून नमस्कार करून पुढे जातो. रात्री उशिरापर्यंत ते टपरीवर .२७० वर बोलत होते, याला डझनभर साक्षीदार असतात आणि ते सगळे जांभया देत असतात.

शिवाय आज आमच्या भागात चितळ मरतं ते गोळीने कमीच. विजेच्या लाइनवर आकडा टाकून रानात तार पसरतात, नाही तर पायवाटेवर फास लावतात. त्या तारेला कॅलिबर नसतं. नर, मादी, पाडस, कधी वाघ, कधी गावातलाच माणूस, जो अडकेल तो. हा विषय टपरीवर निघाला की काकाजी एरवीचे काकाजी राहत नाहीत. जुन्या शिकाऱ्याला मादी मारायची लाज होती, मखमली शिंगाच्या नरावर बंदूक उचलायची बंदी होती, जखमी जनावर सोडून घरी जेवायला जायची तर सोयच नव्हती, हे ते आवाज चढवून सांगतात. एकही जनावर न मारता शिकारीचे सगळे नियम पाळणारा असा शिकारी दुसरा दाखवावा.

सध्या त्यांचा मुक्काम .२७० आणि सात मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम यांच्या मधे कुठे तरी आहे. पसंती ठरली की परवान्यासाठी अर्ज करणार, असं ते किती तरी दिवाळ्यांपासून म्हणत आहेत. बाहेरच्या रायफलींची आयात बंद आहे, जुनी मिळाली तर किंमत लाखांत जाते, आणि चितळावर ती रोखली तर तुरुंग ठरलेला. तेव्हा काकाजींनी घाई करू नये. दोन्ही बाजूंचा नीट विचार करावा, हवं तर आणखी पन्नास वर्षं घ्यावीत, एवढीच सगळ्या तालुक्याची त्यांना विनंती आहे.