खुनी सोडून सगळं सांगा

बुलढाण्यात दोन माणसं रहस्यकथेवर बोलायला लागली की तिसरा हमखास विचारतो, "भाऊ, एखादं भारी पुस्तक सांग ना बा." इथंच पंचाईत होते. "शेवट असा आहे की विचारू नका," एवढं म्हटलं तरी निम्मा शेवट फुटला. ऐकणारा पहिल्या पानापासून सगळ्यांत गरीब स्वभावाच्या पात्रावर डोळा ठेवतो, आणि खून बहुधा त्यानंच केलेला असतो. म्हणून पुस्तक सुचवूच नये, लेखक सुचवावा.

तोही माणूस बघून. ज्याला एका बैठकीत निकाल हवा, त्याला बाबूराव अर्नाळकर. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. त्यांच्या नायकांपैकी धनंजय, झुंजार, काळापहाड, कुणीही हाती लागला तरी चालतो. गुरुनाथ नाईक तर बाराशेच्या पुढे गेले. एवढं वाचायलाही एक जन्म पुरत नाही, लिहिलं कधी हेच खरं रहस्य.

शेताच्या धुऱ्याच्या वादापायी वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा करणाऱ्याला मी सुहास शिरवळकर सांगतो. त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास एका कादंबरीत खटला निकाली काढतो. पुढची तारीख नाही, साहेब रजेवर नाहीत! असा वाचक दुसऱ्या दिवशी प्रसन्न दिसतो. बाबा कदम स्वतः पोलिस प्रॉसिक्यूटर होते. पोलिस ठाण्यात उठबस असणाऱ्यांना ते आपले वाटतात.

भयकथावाले नारायण धारप मात्र जपून. संध्याकाळच्या एसटीनं बोथ्याच्या घाटातून खामगावला निघालेल्याला ते मुळीच देऊ नयेत. वाटेतल्या ज्ञानगंगेच्या जंगलातली अस्वलं तेवढी पुरेत. (२०१९मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून तेराशे किलोमीटर तुडवत एक वाघ या जंगलात आला. जोडीदारीण शोधत आला म्हणतात. वाघानं जबाब दिलेला नाही.)

इंग्रजीतलं विचारलं तर अगाथा ख्रिस्ती. अनुवादही मिळतात. १९२६च्या डिसेंबरात ही बाई स्वतःच अकरा दिवस बेपत्ता होती आणि पुढं आत्मचरित्रातही तिनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. रहस्य राखावं तर असं.

तर मंडळी, लेखकाचं नाव खुशाल सांगा, खुन्याचं नको. आणि पुस्तक वाचनालयातून आणायला लावा, स्वतःचं देऊ नका. गेलेल्या पुस्तकाचा तपास धनंजयलाही लागायचा नाही.