दाजी, डोंगर आणि केळी

कोलंबियाच्या नकाशात अगदी वरच्या टोकाला, कॅरिबियन समुद्राला खेटून एक त्रिकोणी डोंगर उभा आहे. त्याचं नाव सिएरा नेवादा दे सांता मार्ता. अँडीजची रांग शेजारूनच जाते, पण हा तिच्यात सामील नाही. वेगळी चूल मांडून बसलाय. किनाऱ्यापासून अवघ्या 42 किलोमीटरवर त्याची शिखरं सुमारे 5,700 मीटर उंच जातात आणि त्यांच्यावर चक्क बर्फ असतो. सर्वांत उंच शिखरं दोन. एक क्रिस्तोबाल कोलोन, म्हणजे आपला कोलंबस, आणि दुसरं सिमोन बोलिव्हार. एकानं स्पेनला इकडची वाट दाखवली, दुसऱ्यानं परतीची. दोघांच्या उंचीत फरक इतका नगण्य की थोरला कोण, यावर मोजणाऱ्यांचं अजून एकमत नाही. इतका मुत्सद्दी डोंगर मी दुसरा पाहिलेला नाही.

दाजींना यातलं काहीच नको होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रावेर तालुक्यातले केळीवाले. भाचा नोकरीनिमित्त बोगोटात असतो. "सांता मार्ताला केळीचे मळे आहेत," असं तो एकदा फोनवर बोलून गेला आणि दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. ताई म्हणाली, "मला कधी पंढरपूरला नेलं नाही, आणि आता केळी बघायला निघालेत पृथ्वीच्या पलीकडे. घरामागं काय कमी आहेत?" मला सोबत घेतलं ते इंग्रजी येतं म्हणून. सांता मार्तात इंग्रजीचा उपयोग अहिराणीइतकाच होतो, त्यामुळे बोलायचं काम भाच्याकडे गेलं आणि पिशव्या माझ्याकडे आल्या.

शहर 1525 सालचं. स्पॅनिश लोकांनी वसवलेल्या आणि आजही नांदत्या असलेल्या कोलंबियन शहरांत हे सगळ्यांत जुनं. पाठीशी बर्फाचा डोंगर, त्यातून उतरणाऱ्या तीसेक नद्या, आणि शहरात पाणीटंचाई! पहिल्याच सकाळी हॉटेलचा नळ फुस्स करून थांबला आणि खाली टँकर लागला. मी वैतागलो. दाजी मात्र गॅलरीतून खुशीत बघत राहिले. "शालकराव, आता कुठं परदेशात करमायला लागलं."

न्याहारीला कायेये. हिरवी केळी उकडून, लोण्यात ठेचून, वर खारट पांढरं चीज किसून देतात. दाजींनी दोन ताटल्या संपवल्या आणि वर पाककृतीही विचारून घेतली. घरी केळ्याची भाजी केली की ताटाला नाक मुरडणारा माणूस! ताईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

मग बोलिव्हारचा वाडा. निम्म्या दक्षिण अमेरिकेतून स्पेनला हाकलणारा हा माणूस अखेरीस थकून, आजारी होऊन, युरोपला जायला म्हणून या बंदरावर आला आणि 17 डिसेंबर 1830 रोजी शहराबाहेरच्या उसाच्या मळ्यात, एका स्पॅनिश गृहस्थाच्या घरी वारला. वय 47. 1842 मध्ये त्याचे अवशेष बोटीनं काराकासला नेले. दाजी म्हणाले, "म्हणजे इथून माणूससुद्धा एक्स्पोर्टच झाला."

दाजींचं हे वाक्य मी थट्टेवारी नेलं, पण पुढे जिथे जावं तिथे तेच दिसत राहिलं. सिएनागाच्या वाटेवर रेल्वेचं फाटक पडलं आणि समोरून कोळशाची गाडी सुरू झाली. सुरू झाली ती संपेचना. डोंगराच्या पलीकडे सेसार प्रांतात खाणी आहेत, तिथला कोळसा या रुळांवरून किनाऱ्यावर येतो आणि जहाजात पडतो. दाजींनी डबे मोजायला घेतले आणि शंभरानंतर नाद सोडला. ज्या समुद्रात लोक पोहायला येतात, त्याच समुद्रात कोळशाची जहाजं रांगेत उभी असतात. पर्यटन आणि कोळसा एकाच किनाऱ्यावर, एकमेकांकडे पाठ करून सुखानं नांदतात.

आणि शेवटी केळी. सिएनागापासून आराकाताकापर्यंतचा सपाट पट्टा गेली शंभरहून अधिक वर्षं केळीचा आहे. डोंगरानं पाणी द्यायचं, पट्ट्यानं केळी पिकवायची, रेल्वेनं बंदरात न्यायची आणि पैसा युनायटेड फ्रूट कंपनीनं मोजायचा, अशी जुनी व्यवस्था होती. मजुरांना रोकड्याऐवजी कंपनीच्याच दुकानात चालणारी कुपनं मिळत. 1928 च्या नोव्हेंबरात मजूर संपावर गेले. डिसेंबरच्या पाच-सहा तारखेच्या रात्री सिएनागाच्या स्थानकाजवळ जमलेल्या जमावावर लष्करानं गोळ्या चालवल्या. सेनापतीनं 47 मृत कबूल केले. खरा आकडा आजही वादात आहे. आराकाताकात जन्मलेल्या गार्सिया मार्केसनं कादंबरीत तीन हजार लिहिले, आणि आता लोक सेनापतीपेक्षा कादंबरीकाराचा आकडा सांगतात. मला विचाराल तर सेनापतीला हीच शिक्षा योग्य आहे.

त्याच आराकाताकानं 2006 मध्ये गावाच्या नावाला कादंबरीतलं 'माकोंदो' जोडायचं का, यावर मतदान घेतलं. आलेल्यांनी हो म्हटलं, पण पुरेसे लोक आलेच नाहीत. ठराव बारगळला. मतदानाच्या दिवशी घरी पंख्याखाली पडून राहणारं गाव मला मनापासून आवडलं.

आम्ही मळ्याच्या फाटकाशी पोचलो. दाजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. पहारेकऱ्यानं विचारलं, कोण, कुठले? भाच्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं की हे भारतातले केळीचे बागायतदार आहेत. पहारेकरी दोन पावलं मागे सरला.

झालं होतं असं. केळीच्या मुळांतून शिरून सगळं झाड वाळवणारा पनामा रोग आहे. त्यानं 1960 पर्यंत जगाच्या बाजारातली ग्रो मिशेल जात जवळजवळ संपवली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. पण टी.आर. 4 नावाचा त्याचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही सोडत नाही. 2019 मध्ये तो इथून जवळच, ला ग्वाहिरा प्रांतात सापडला. बुटाला लागलेल्या चिमूटभर मातीतूनही तो पसरतो, आणि भारतात तो आधीच पोचलेला आहे. त्यामुळे प्रवासी, पत्रकार, चोर, यांपैकी कुणीही चाललं असतं. पण सगळ्या जगात जो एक माणूस फाटकातून आत घ्यायचा नाही, तो म्हणजे भारतातला केळीवाला. दाजींनी बूट काढून दाखवले, औषधाच्या पाण्यात पाय बुडवायची तयारी दाखवली. नाही म्हणजे नाही.

मग दाजी कुंपणाच्या तारेला नाक लावून उभे राहिले. आत निळ्या पिशव्या घातलेले घड होते आणि बागेभर ताणलेल्या तारेवरून तोडलेले घड लोंबकळत, माळेसारखे पॅकिंगकडे निघाले होते.
"विचार, मृगबाग आहे की कांदेबाग?"
भाच्यानं विचारलं. इथं हंगाम नाही, वर्षभर दर आठवड्याला कापणी, असं उत्तर आलं.
"करपा?"
आहे. फवारणी आहे.
"फण्या आठ-नऊच दिसतात. आपल्या बऱ्या."
हे भाच्यानं भाषांतरित केलं नाही. पण निघताना पहारेकऱ्यानं लांबूनच हात हलवला आणि दाजी म्हणाले, "पोरगा कामाला पक्का आहे. आमच्याकडं असाच एक पाहिजे."

डोंगरातल्या मिंका गावी मोटारसायकलींवरून गेलो. तिथे 1892 पासूनचा कॉफीचा मळा आहे, पण दाजींना कॉफीत रस नव्हता. त्यांना भेटले ते कोगी. या डोंगरात कोगी, अरुआको, विवा आणि कान्कुआमो हे चार आदिवासी समाज राहतात. पांढरे कपडे घातलेला एक कोगी म्हातारा चौथऱ्यावर बसला होता. गालात कोकाची पानं, हातात भोपळ्याची छोटी कुपी. कुपीत समुद्रातले शिंपले भाजून केलेला चुना. काडीनं चुना काढायचा, पानांना लावायचा आणि काडी कुपीच्या तोंडावर घासत विचार करत बसायचं. दाजींनी हे पाहिलं, शेजारी बसले आणि खिशातून आपली चुन्याची डबी काढून तंबाखू मळायला लागले. दोघंही बराच वेळ आपापलं काम करत होते. भाच्यानं समजावलं, "बाबा, हे लोक स्वतःला थोरले भाऊ म्हणवतात आणि बाकी जगाला धाकटे. धाकट्यांनी डोंगर खणून, झाडं तोडून वाट लावली, असं त्यांचं म्हणणं आहे."
चार भावांत थोरले असलेले दाजी पहिल्यांदाच धाकटे झाले होते. जरा विचार करून म्हणाले, "म्हणणं बरोबर आहे. पण मी धाकटा कसा, ते विचार." भाच्यानं तेही विचारलं नाही.

जाणार असाल तर फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरच्या तारखा आधी तपासून घ्या. या डोंगराच्या पायथ्याशी असलेलं तायरोना राष्ट्रीय उद्यान त्या सुमाराला दोन-दोन आठवडे बंद ठेवतात. निसर्गाला विसावा हवा, असं थोरल्या भावांनी सांगितलं आणि सरकारनं ते ऐकलं. आणि तुम्ही केळीवाले असाल, तर मळ्यात शिरायचा हट्ट धरू नका. कुंपणाबाहेरूनही फण्या मोजता येतात.