बॅटरीभाऊ

सिडकोतल्या कुठल्याही गल्लीत रविवारी सकाळी चक्कर मारा. एखाद्या पोर्चमध्ये शीट काढून ठेवलेली मोटारसायकल आणि तिच्यासमोर उकिडवा बसलेला माणूस हमखास दिसतो. गाडी बिघडलेली नसते. शनिवारी रात्रीपर्यंत ती एका सेल्फला चालू होत होती. त्याला तिची बॅटरी हलवायची असते.

आमच्या गल्लीतल्या या जमातीच्या प्रतिनिधीला सगळे बॅटरीभाऊ म्हणतात; तोंडावर नुसतं भाऊ. वय पंचेचाळिशीच्या पुढे, अंगात कंपनीचा निवृत्त निळा शर्ट, कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर. लग्नाला गेले तरी टेस्टर सोबत असतो. एकदा मांडवातला माईक ऐन मंगलाष्टकांत बंद पडला, तो भाऊंनी तिसऱ्या मंगलाष्टकाच्या आत चालू करून दिला. त्या माईकची वायर कुठं तुटली होती ते त्यांना अजून आठवतं. लग्न कुणाचं होतं ते आठवत नाही.

भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात लाईनवर आहेत. बजाज ऑटोनं १९८५ साली वाळूजला कारखाना काढला, तोही अवघ्या सोळा महिन्यांत. मग त्याच्या आसपास सुटे भाग करणाऱ्यांची वस्ती वाढली आणि मराठवाड्यातली पोरं आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन इकडे लोटली. भाऊ त्यांतलेच. कामावर त्यांच्यापुढे जॉब येतो, त्याला चार बोल्ट बसवायचे, की पुढचा येतो. बोल्ट किती आवळायचा ते गन ठरवते, किती सेकंदांत ते घड्याळ ठरवतं आणि कुठं ते ड्रॉइंग. इतक्या वर्षांत भाऊंनी लाखो बोल्ट बसवले असतील, पण आपल्या मनाच्या जागी एकही नाही. रविवारी घरची जुनी पल्सर समोर आली की तिथं ना गन असते, ना घड्याळ. ड्रॉइंग असतं, पण ते भाऊंनी पोर्चच्या फरशीवर स्वतः खडूनं काढलेलं असतं आणि ते पुसलं म्हणून मोलकरणीशी दोन दिवस अबोला असतो.

बॅटरी हलवण्यामागे एक परदेशी प्रेरणाही आहे. १९६०च्या आसपास लंडनची पोरं एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत शर्यती लावायची आणि वजन कमी व्हावं म्हणून गाडीचं जे जे सुटेल ते काढून टाकायची. त्या वळणाच्या गाड्यांना आज कॅफे रेसर म्हणतात. शीटखालची तिकोनी जागा मोकळी, आरपार दिसणारी, ही त्यांची शान. भाऊंनी असा एक फोटो मोबाइलवर पाहिला आणि साइड कव्हरच्या आत बसलेली आपली बॅटरी त्यांना खुपू लागली. लंडनच्या पोरांना वेग हवा होता. भाऊंची गाडी जालना रोडच्या गर्दीत चाळीसच्या वर जात नाही.

‘‘आरपार दिसलं पाहिजे,’’ भाऊ म्हणाले.

‘‘काय दिसणारे आरपार?’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘पलीकडे पाण्याचा ड्रम आहे.’’

भाऊंच्या आई अंबडकडच्या. त्यांनी जिन्यावरूनच विचारलं, ‘‘आरं, चालू गाडी कामून खोलायलास?’’ नाक्यावरच्या उस्तादांचंही तेच म्हणणं पडलं: ‘‘कंपनीवालों ने कुछ सोच केच बिठाया होंगा ना, भाऊ?’’ यावर भाऊ खास आतल्या गोटातलं हसले. ‘‘सोचा असेल, पण लाईनच्या सोयीचं. लाईनवर हात जिथं पटकन पोचतो तिथं वस्तू बसते. माझ्या घरी कुठं लाईन आहे?’’

मग त्यांनी इतिहास काढला. हे शहर वसवणाऱ्या मलिक अंबरनं चारशे वर्षांपूर्वी डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून गावात आणलं. ‘‘नहर दिसते का कुठं? नाही. सोय झाकलेली असावी, काम दिसावं.’’

‘‘त्याच्या नळाला पाणी तरी यायचं,’’ वहिनी म्हणाल्या आणि ड्रमावरचं झाकण नीट केलं. आमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो हे ज्याला माहीत आहे त्याला या वाक्याचं वजन कळेल.

काम मात्र भाऊ शास्त्रशुद्ध करतात. बॅटरी काढताना आधी काळी वायर, मग लाल. जोडताना आधी लाल, मग काळी. उलट केलं आणि लाल टर्मिनल सोडवताना पाना चेसीला टेकला, तर दिवाळी. फ्यूज बॅटरीच्या लाल टोकापासून वीतभर अंतरावर, कारण त्याच्या अलीकडे वायर घासली तर तिला वाचवणारं कुणी नसतं. फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी गुंडाळणाऱ्या माणसाशी भाऊ सोयरीक करणार नाहीत. अर्थिंगची वायर लावण्याआधी चेसीचा रंग खरवडून लोखंड उघडं करतात. हा तपशील ते इतक्या कळकळीनं सांगतात, की ऐकणाऱ्याला आपल्याकडून रंग खरवडायचा राहिला असं वाटू लागतं.

नवी जागा ठरली इंजिनाच्या मागं, मागच्या चाकाच्या चिमट्याजवळ. वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचा डबा करून आणला. डब्यात सरळ बसेना म्हणून बॅटरी जरा तिरकी ठेवली. आता ती होती पाणी भरायची, जुन्या पद्धतीची. तिच्या सहा घरांत पातळ केलेलं गंधकाम्ल असतं आणि ती उभीच ठेवायची असते. तिरकी ठेवली की आम्ल वाट शोधतं. त्यानं भाऊंच्या जीन्सची वाट शोधली. गंमत अशी, की आम्लाचे डाग लगेच दिसत नाहीत. सुती कापड आतून कुजतं आणि धुतल्यावर भोकं पडतात. वहिनींनी आधी धुण्याची पावडर बदलली, मग वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. भाऊ गप्प होते. थोरल्यानं मात्र ती जीन्स उचलली आणि कॉलेजात घालून गेला. तिथं ती कुठून घेतली म्हणून चौकशी झाली.

दुसरं प्रकरण वायरीचं. जागा लांब गेली म्हणजे वायर लांबली आणि भाऊंनी जोडली घरात पडलेली, हॉर्नला पुरेल अशी. सेल्फची मोटर सुरू होताना एवढा करंट ओढते, की बारीक लांब वायरीतच व्होल्ट गळून जातात. मीटर लावला की बॅटरी दाखवायची १२.६, आणि सेल्फ दाबला की रिलेची नुसती कटकट. मग भाऊ जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून बोटाएवढी जाड केबल घेऊन आले. केबलसोबत एक भोंगा, दोन मीटर आणि कशाचा ते न कळलेला एक गिअरही आला.

शेवटी सीलबंद बॅटरी घ्यावी लागली. तिच्यातलं आम्ल काचतंतूंच्या गाद्यांत मुरलेलं असतं, त्यामुळे आडवी ठेवली तरी सांडत नाही. ‘‘केवढ्याला?’’ वहिनींनी विचारलं. भाऊंनी निम्मी किंमत सांगितली. वहिनींनी तिची दुप्पट वहीत लिहिली आणि खाली ओळ ओढली. ‘‘सोळा महिन्यांत त्या लोकांनी अख्खा कारखाना उभा केला,’’ एवढंच म्हणाल्या.

हे होईपर्यंत पाऊस सुरू झाला होता. पहिल्याच फेरीत पुढच्या चाकानं उडवलेला पैठण रोडचा चिखल डब्यात जाऊन बसला. भाऊंनी जुन्या ट्यूबचा पडदा लावला. त्याच आठवड्यात एका चौकात हवालदारांनी गाडी थांबवली आणि मोकळ्या तिकोनातून पलीकडचा रसवंतीवाला पाहिला.

‘‘बॅटरी कुठंय?’’

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ भाऊंना पाठ आहे: आरसीत नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार करायचा नाही. त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकालही ठाऊक आहे. त्यांनी आरसी पुढे केली. ‘‘साहेब, इंजिन नंबर आहे, चेसी नंबर आहे, रंग आहे. बॅटरीच्या जागेचा रकाना दाखवा.’’ हवालदारांनी खरंच शोधला. मग विचारलं, ‘‘पण ठेवली कुठं?’’ भाऊ रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले, शेजारी हवालदारही बसले. सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला. निघताना हवालदारांनी हळूच विचारलं, ‘‘आमच्या बुलेटचं जमंल का?’’

आता पोरं येतात. रविवारी पोर्चसमोर दोन-तीन गाड्या उभ्या असतात. भाऊ पैसे घेत नाहीत, मुलाखत घेतात. प्रश्न एकच: ‘‘बॅटरी का हलवायचीय?’’ एक म्हणतो, वजन कमी होतं. भाऊ म्हणतात, मग गॅरेजला ने. दुसरा म्हणतो, रील चांगली येते. त्यालाही गॅरेज. कुणाचं तरी काम, ठरल्या कारणासाठी, ठरल्या वेळात करायचं, तर त्यासाठी सोमवारी सकाळी कंपनीची बस येतेच आहे.

परवा हडकोतला एक पोरगा आला. प्रश्न ऐकून त्यानं डोकं खाजवलं, गाडीकडे पाहिलं, म्हणाला, ‘‘असंच, भाऊ.’’

भाऊंनी कानावरची पेन्सिल काढली आणि घरात आवाज दिला, ‘‘अगं, चहा टाक. आपला माणूस आलाय.’’